मोन्सेरात: रस्ता नको, बाग चाला

मोन्सेरात म्हणजे पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाजवळचा महाल आणि त्याची बाग. 'सिंत्रा गावातून मोन्सेरात चारेक किलोमीटर, रमतगमत जा' असं सांगणाऱ्यानं तो रस्ता पायी तुडवलेला नाही, हे मी लिहून देतो. सेतेआइशचा महाल मागे पडला की पदपथ गायब. एका अंगाला शेवाळलेली दगडी भिंत, दुसऱ्या अंगानं गाड्या. दर वळणावर भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभं राहायचं. ताम्हिणीत भर पावसात चाललोय, पण इतका जीव मुठीत धरला नव्हता. निम्म्यात एक टुकटुकवाला थांबला. उरलेल्या अंतराचे तिघांचे तीस युरो! घासाघीस केली, तर हसून निघून गेला. तुम्ही मुकाट्यानं स्टेशनसमोरून ४३५ नंबरची बस धरा.

लिस्बनहून सिंत्राला ट्रेन चाळीस मिनिटांची, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तिकीट काढून आत गेलात की उतारच उतार. फाटक वर, महाल खाली. तेव्हा गुडघे गप्प असतात, परतताना बोलतात. महालात अर्ध्या तासाहून जास्त घालवू नका. खोल्या बहुतेक रिकाम्या आहेत, सामान १९४९ मध्ये सरकारनं जागा घेण्याआधीच विकलं गेलं. नक्षी मात्र बघा, मुघल, मूर, गॉथिक सगळं एकत्र. फ्रान्सिस कुक नावाच्या इंग्रज कापड व्यापाऱ्याची ही हौस. त्याच्याही आधी, १७१८ मध्ये, ही जागा गोव्यात व्हाइसरॉय राहून आलेल्या काएतानु द मेलु ई काश्त्रुनं घेतली होती. १७५५ च्या भूकंपानं तिथली घरं मोडली. वाटेत एक कोरीव दगडी कमान लागते, ती १८५७ नंतर भारतातून इथे आली. ती बघून बरं वाटावं की राग यावा, ते कळेना.

पण नेच्यांची दरी! माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे, वर धुकं. खाली कुकनं मुद्दाम पडकं ठेवलेलं चॅपल, त्याला वडाच्या जातीच्या झाडाच्या मुळांनी गिळलंय. मेक्सिकोच्या बागेत घायपात आहे, ती आपल्या बांधावरही दिसते. थकलेले असाल तर ही बाग वगळा, दरी वगळू नका.

परतीच्या बसची वेळ आत शिरतानाच टिपून ठेवा. आमची डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईपर्यंत कठड्यावर बसून राहिलो, पण पायी जायचं कुणी नावही काढलं नाही.