लसूण आठ दिवसांत उगवतो, परवानगी नाही

गच्चीवर लसूण लावायचा असेल तर बियाण्याच्या आधी सोसायटीत अर्ज द्या. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि लसणाची लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. सभेत विषय मंजूर झाला तर ठीक, नाहीतर कमिटीच्या तावडीत सापडलात म्हणून समजा.

मी अर्ज दिला दसऱ्यानंतर. पुण्यातली जुनी चार मजली इमारत, गच्ची वर्षभर मोकळी. पापड वाळवायलाही हल्ली कोणी वर जात नाही. मला कोपऱ्यात लसणाचे, मेथी-कोथिंबिरीचे थोडे क्रेट ठेवायचे होते, बस. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, आमची ना नाही, पण मीटिंगमध्ये ठेवू." मीटिंग दिवाळीमुळे पुढे गेली. मग कोरम भरेना. भरला तेव्हा सगळा वेळ पार्किंगच्या भांडणात गेला. आणि विषय एकदाचा निघाला तर, स्लॅब गळला तर कोण बघणार, मुंग्या झाल्या तर, उद्या सगळ्यांनीच शेती मांडली तर! एका गृहस्थांना वजनाची काळजी लागली. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणा म्हणे. त्याच गच्चीवर पाण्याच्या भल्यामोठ्या टाक्या आहेत. त्या कॉलमवर उभ्या आहेत हे मलाही कळतं, पण मेथीसाठी इंजिनिअर?

तोवर घरात बियाण्याच्या लसणाला हिरवे कोंब फुटले. मी हट्टाने एक कुंडी बाल्कनीत नोव्हेंबरातच लावून टाकली.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं आणि एक पान लिहून दिलं. भिजलेली माती लिटरला दीड किलोच्या पुढे भरते, म्हणून निम्म्याहून जास्त कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा, आणि बाकी कंपोस्ट. क्रेट विटांवर, म्हणजे खालची फरशी कोरडी राहते आणि झाडताही येते. ठेवायचे कठड्यालगत, बीमवर. पाणी जायच्या जाळीपासून लांब. गळती माझ्या क्रेटमुळे झाली तर खर्च माझा. खाली सही. या शेवटच्या वाक्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. परवानगीचं पत्र हातात पडलं तेव्हा डिसेंबर निम्मा सरला होता.

बाकी लसणात अवघड काही नाही. गड्डा फोडून बाहेरच्या जाड कुड्या निवडायच्या, साल न काढता शेंडा वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल खोचायच्या, दोन कुड्यांत चार बोटं अंतर. रोज सहा तास तरी ऊन हवं. बाजारात मोठ्या कुड्यांचा पहाडी लसूण मिळतो त्याला भुलू नका, आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या लहान दिवसांत त्याचा गड्डा धरत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती आपल्याकडच्या. पातीवर पांढुरके चट्टे दिसले तर फुलकिडे समजा आणि निंबोळी तेल फवारा. मेथी, कोथिंबीर, मुळा यांचं काय सांगायचं, टाकलं की येतं.

मार्चमध्ये पात पिवळी पडून माना टाकायला लागली तेव्हा पाणी तोडलं आणि काही दिवसांनी उपटून सावलीत वाळवला. नोव्हेंबरच्या कुंडीतले गड्डे मुठीत मावतील असे, चांगल्या भरल्या कुड्यांचे. गच्चीवरचे डिसेंबरचे जेमतेम सुपारीएवढे. काहींत तर एकच गोल कुडी. थंडी पुरेशी मिळालीच नाही. पात मात्र भरपूर निघाली, हिरवी मिरची, दाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. पण मी पातीसाठी एवढे उंबरठे झिजवले नव्हते.

हो, एक राहिलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही घालून पोच घ्या, नाहीतर "अर्ज मिळालाच नाही" हे ऐकावं लागतं. परवानगी एकाच वर्षाची आहे. यंदाचा अर्ज मी जुलैतच दिलाय, सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा असं ठळक लिहून.