तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी गर्दी होती, मग मतं कुठे गेली?

१३ एप्रिल २०१६ ला न्यू यॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कात बर्नी सँडर्स यांच्या सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. सहाच दिवसांनी त्याच राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान, झाली आणि बर्नी हिलरी क्लिंटन यांच्याकडून ५८ विरुद्ध ४२ टक्क्यांनी हरले. तेव्हापासून एकच प्रश्न मला विचारला जातो. पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, इथले, न्यू जर्सीतल्या एडिसनमधले, शेजारी विचारतात: तो पाठिंबा खरा होता, की नुसता गलका? दरवेळी मी अर्धंच उत्तर देते, कारण उरलेलं अर्धं फॉर्म आणि तारखांचं आहे आणि तिथवर ऐकणारा थांबत नाही. आज सगळं लिहिते.

पाठिंबा खरा होता. पैशावरूनच बघा. बर्नींना मिळणारी २७ डॉलरची सरासरी देणगी सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातलं बळ कुठलं ते फार कमी जणांच्या लक्षात येतं. त्या वर्षी एका माणसाला एका उमेदवाराला प्राथमिक फेरीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर देता येत होते. श्रीमंत देणगीदार एका जेवणात ती मर्यादा गाठतो. मग त्याच्याकडे पुन्हा जाता येत नाही. २७ डॉलर देणाऱ्याकडे मात्र शंभर वेळा जाता येतं. म्हणून एखादं राज्य हरलं तरी दुसऱ्या दिवशी तिजोरीत भर पडायची.

आपल्या लोकांचा यात एक नेहमीचा गोंधळ असतो, तोही इथेच सोडवते. ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते, मत देता येत नाही. एच-वन-बी व्हिसावर असाल तर देणगी अजिबात नाही. प्रचाराच्या दुकानातून टी-शर्ट घेतला तरी ती देणगीच धरली जाते. बिनपगारी काम मात्र करता येतं: दारं ठोठावणं, फोन करणं, पत्रकं घड्या घालून देणं. उमेदवाराचे पैसे कुठे खर्च व्हावेत, असल्या निर्णयांत बसायचं नाही, एवढंच पथ्य.

आमचं, म्हणजे बर्नींच्या स्वयंसेवकांचं, दारोदारीचं कामही कच्चं नव्हतं. एका जोडीला चाळीस-पन्नास दारांचा तुकडा, म्हणजे टर्फ, आणि त्यासोबत नावांची वॉक लिस्ट. इमारतीत शिरलात की आधी सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने उतरत यायचं, म्हणजे दम टिकतो आणि कोणी हटकलं तरी वरचे मजले झालेले असतात. टपालपेटीत पत्रक टाकायचं नाही, तो केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे; ते दाराच्या फटीत अडकवायचं. प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडा लिहायचा: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का समोरचा. वेळ घालवायचा तो दोन आणि तीनवर. पाचशी वाद घालत उभं राहणं ही नवख्यांची पहिली चूक. "घरी नाही" असं न लिहिता रकाना कोरा सोडणं ही दुसरी, कारण मग पुढच्या शनिवारी दुसरी जोडी कुठल्या दारापासून सुरुवात करायची हेच शोधत बसते.

तरीही मतं कमी पडली, आणि याचं मोठं कारण ९ ऑक्टोबर २०१५ ही तारीख आहे.

न्यू यॉर्कची प्राथमिक निवडणूक बंद असते: डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल त्यालाच डेमोक्रॅटिक मतपत्रिका मिळते. आधीच नोंदणी झालेल्या मतदाराला पक्ष बदलायचा असेल, किंवा "कुठलाच पक्ष नाही" वरून पक्षात यायचं असेल, तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणे अर्ज आधीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीपूर्वी २५ दिवस द्यावा लागे. तो बाजूला ठेवला जाई आणि निवडणूक उरकल्यावरच लागू होई. २०१५ ची निवडणूक ३ नोव्हेंबरला होती. २५ दिवस मागे मोजा, ९ ऑक्टोबर येतो. डेमोक्रॅटिक उमेदवारांची पहिली जाहीर चर्चा लास व्हेगासमध्ये झाली १३ ऑक्टोबरला. म्हणजे बर्नी बोलतात कसे हे बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं, त्याच्या चार दिवस आधी दार बंद झालं होतं. मतदान तिथून सहा महिने पुढे होतं.

ज्याने आयुष्यात कधीच नोंदणी केली नव्हती, त्याला मात्र २५ मार्च २०१६ पर्यंत मुदत होती आणि पक्षही तेव्हाच निवडता येत होता. त्यामुळे अठराचा झालेला धाकटा मत देऊ शकत होता आणि चार वर्षांपूर्वी नोंदणी करून पक्षाचा रकाना सोडून दिलेला थोरला देऊ शकत नव्हता. नवे नागरिक यात हमखास सापडतात. शपथविधीच्या दिवशी फॉर्म पुढे येतो, मनात "पक्षाबिक्षाची भानगड नको" असतं, आणि खूण "कुठलाच पक्ष नाही" वर होते. काही जण "इंडिपेंडन्स पार्टी"च्या चौकोनात खूण करत, त्याचा अर्थ अपक्ष असाच होतो असं समजून. तो नोंदणीकृत वेगळा पक्ष होता.

आमची चूक इथे आहे, आणि ती कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. वसंतात आमच्या हाती आलेल्या वॉक लिस्टमध्ये फक्त नोंदणीकृत डेमोक्रॅट होते. ते बरोबरच होतं, बाकीच्यांना मतच नव्हतं. पण त्यामुळे यादीत नाव आईचं असायचं आणि दार उघडायचा मुलगा, सगळी भाषणं ऐकलेला, आणि त्याचं नाव कुठेच नसायचं. त्याच्या उत्साहाला लिहायला आमच्याकडे रकाना नव्हता. तो मुलगा पार्कात आला. मोजणीत आला नाही.

सप्टेंबरात एकच प्रश्न विचारायला हवा होता: "तुमची नोंद कुठल्या पक्षात आहे?" उमेदवार कोण आवडतो हे नंतर विचारलं असतं तरी चाललं असतं. राज्याचं लायसन्स असेल तर हा बदल मोटार वाहन खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या होत होता. काही स्वयंसेवकांनी फॉर्म घेऊन टेबलं मांडलीही, पण तेव्हा प्रचाराचे पगारी लोक आणि पैसा सगळ्यात आधी मतदान होणाऱ्या आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये होता. आयोवाने जीव टांगणीला लावला होता, निकाल ४९.८ विरुद्ध ४९.६ लागला, त्यामुळे तिथली माणसं हलवायला हवी होती असं म्हणण्याची माझी आजही हिंमत होत नाही.

पूर्वी मी एवढ्यावर थांबून म्हणायचे, नियमांनी हरवलं. आता तसं म्हणवत नाही. तो नियम बर्नींसाठी कोणी रचला नव्हता. दुसऱ्या पक्षाचे मतदार ऐन वेळी घुसू नयेत म्हणून तो दशकानुदशकं होता आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैधही ठरवला होता. साउथ कॅरोलायनात तर पक्ष-नोंदणीच नसते, कोणीही येऊन मत देऊ शकतो; तिथे आम्हाला २६ टक्के मिळाले. कृष्णवर्णीय मतदारांच्या चर्चमध्ये, त्यांच्या वस्त्यांत आम्ही उशिरा पोचलो आणि पाहुण्यासारखे पोचलो. त्याचा दोष कुठल्या तारखेवर टाकणार?

वॉशिंग्टन राज्य मला आणखी छळतं. मार्चमध्ये तिथे कॉकस झाला, म्हणजे ठरल्या वेळी सभेला जाऊन तासन् तास थांबायचं. बर्नींना सुमारे ७३ टक्के मिळाले. मे महिन्यात त्याच राज्यात टपालाने प्राथमिक मतदान झालं, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी ठरवण्याशी त्याचा संबंध नव्हता, पण भाग कितीतरी जास्त लोकांनी घेतला आणि क्लिंटन जिंकल्या. जितकी दारं उघडी तितका आपला फायदा, हे माझं आवडतं वाक्य तिथे टिकत नाही. शनिवारची सुटी नसलेल्या, लहान मूल असलेल्या माणसाला कॉकस परवडत नाही, आणि त्या पद्धतीचा लाभ आम्ही घेतला. मी तेव्हा त्याविरुद्ध एक अक्षर बोलले नाही. ठरल्या वेळी येऊन तासन् तास थांबू शकणारे लोक आमच्याकडे जास्त होते, एवढाच कदाचित त्या ७३ चा अर्थ असेल. मग न्यू यॉर्कचे ते लाखो अपक्ष सगळे आपलेच होते, हे मी कशाच्या जोरावर म्हणते? पार्कातल्या गर्दीच्या जोरावर. आणि गर्दीवरून मतं मोजू नयेत, असं मी नव्या स्वयंसेवकांना शिकवते.

२०१९ मध्ये न्यू यॉर्कने पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत आणली. २०२० मध्ये तिची खरी परीक्षा होईल असं वाटलं होतं. ८ एप्रिलला बर्नींनी माघार घेतली, राज्याने प्राथमिक निवडणूक रद्दच केली, न्यायालयाने ती परत घ्यायला लावली, आणि २३ जूनला मतदान झालं तेव्हा लढत उरली नव्हती. नव्या मुदतीत कोण आत आले असते आणि त्यांनी कोणाला मत दिलं असतं, हे कळायची जी एक संधी होती, ती तशी गेली.

तुम्ही पुढच्या वेळी कोणासाठी काम करणार असाल, तर आधी तुमच्या राज्याची तारीख बघा. न्यू जर्सीत नोंद कुठल्याच पक्षात नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगता येतो. दुसऱ्या पक्षात असेल तर ५५ दिवस आधी अर्ज लागतो. हडसन नदीच्या अलीकडचा, न्यू जर्सीचा, नियम पलीकडे न्यू यॉर्कमध्ये चालत नाही. घरातल्या प्रत्येकाची नोंद वेगवेगळी तपासा, थोरल्याची आधी.