वाशीतील गणिती संशोधन कार्यशाळा: पुढे जाणाऱ्यांसाठी काही नोंदी

वाशीतील एका महाविद्यालयात आलेख सिद्धांतावर (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांच्या गणितावर) नुकतीच झालेली संशोधन कार्यशाळा मी ठाण्याहून रोज ये-जा करून पूर्ण केली. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये रुळलेल्या पद्धतीप्रमाणे सकाळी मोजकी व्याख्याने आणि दुपारनंतर लहान गटांत काम, अशी तिची आखणी होती.

पहिल्या दुपारच्या प्रश्नसत्रातच, म्हणजे गटांनी हाती घेण्याजोगे खुले प्रश्न मांडले जातात तेथेच, कार्यशाळेचे यशापयश ठरते, असे माझे मत झाले आहे. अलेक्झांडर रोसा यांच्या 1967 मधील शोधनिबंधापासून चर्चेत असलेली ‘ग्रेसफुल ट्री’ अटकळ (खरे वाटणारे, पण अजून सिद्ध न झालेले विधान) तेथे कोणीतरी मांडली: कोणत्याही वृक्षाच्या (बंद वेटोळे नसलेल्या एकसंध आलेखाच्या) शिरोबिंदूंना, म्हणजे त्यातील बिंदूंना, शून्यापासून कडांच्या (जोडरेषांच्या) संख्येपर्यंतचे पूर्णांक एकेकदा देऊन प्रत्येक कडेच्या टोकांमधील फरक वेगळा ठेवता येतो. एवढी अटकळ आठवडाभरात सुटणार नाही, हे सर्वांनाच ठाऊक होते. म्हणून संचालकांनी तिचा हाताळता येईल असा तुकडा मागितला. पाने (एकाच कडेने जोडलेले शिरोबिंदू) खुडल्यावर फांद्या नसलेला एकच मार्ग उरतो अशा ‘कॅटरपिलर’ वृक्षांचा निकाल रोसा यांनीच लावला आहे, तर पाने खुडल्यावर कॅटरपिलर उरतो अशा ‘लॉब्स्टर’ वृक्षांचा प्रश्न सर्वसाधारण स्वरूपात अजून खुला आहे. आमच्या गटाने लॉब्स्टरांचा एक मर्यादित वर्ग घेतला आणि फळ्यावर लगेच उदाहरणे पडू लागली. जाणाऱ्यांनी असा एखादा नेमका तुकडा घरूनच लिहून न्यावा.

ठाण्याहून वाशी लोकलच धरावी, कारण पनवेल किंवा नेरूळची गाडी तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळते. तरीही शक्य असल्यास वाशीतच मुक्काम करावा. खरी चर्चा संध्याकाळच्या चहानंतर रंगते आणि ती लोकलच्या वेळापत्रकाला जुमानत नाही. जर्मनीतील ओबरवोल्फाखच्या गणित संशोधन संस्थेत सर्वांची राहण्या-जेवण्याची सोय एकत्र असते, यामागे हाच विचार असावा.

दिवसअखेर सिद्ध झालेले आणि फसलेले, दोन्ही ओव्हरलीफ या एकत्र लेखनाच्या संकेतस्थळावरील सामाईक फाइलीत नोंदवावे. लेखकांची नावे गणितात आडनावांच्या वर्णक्रमाने देण्याची प्रथा आहे. परंतु पदोन्नतीच्या अर्जात ‘प्रथम लेखक’ कोण हे विचारले जाते, तेव्हा नवोदितांनी सहलेखकांकडून योगदानाचे पत्र घ्यावे. पुढील बैठकीची तारीख निरोपापूर्वीच ठरवावी, आणि कर्तव्य रजेसाठीचे उपस्थिती प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी दुपारीच मागून घ्यावे, कारण समारोप संपेपर्यंत कार्यालयाला कुलूप लागलेले असते.