चातुर्मास घेऊन जपानला

जपानला जायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली: चातुर्मास मोडायचा नाही. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आमच्या साताऱ्याच्या घरात कांदा, लसूण, वांगी बंद असतात; मासे-मटण-अंडी तर कधीच नव्हती. विमानाची तिकिटं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली निघाली, म्हणजे कार्तिकीला अजून अवकाश होता. पुण्यात ज्या प्रवास कंपनीकडे चौकशी केली, तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, टेन्शनच घेऊ नका. व्हेज सगळीकडे मिळतं."

त्याच्या भरवशावर ओसाकातला पहिला दिवस काढला.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका छोट्या उदोनच्या दुकानात शिरलो. मी विचारलं, "व्हेजिटेरियन?" काउंटरमागचे आजोबा हसून "हाय, हाय" म्हणाले. वाडगा आला. पांढऱ्याशुभ्र जाड शेवया, वर तळलेल्या टोफूचा चौकोन आणि भुरभुरलेली कांद्याची पात. पात वेचून बाजूला काढली. आईने एक चमचा रस्सा तोंडात घेतला आणि चमचा तसाच खाली ठेवला.

"धुरकट लागतंय गं. आणि कसलातरी वास आहे."

मी फोनचा कॅमेरा भिंतीवरच्या पाटीवर धरला. भाषांतराच्या ॲपने पहिलाच शब्द दाखवला तो कात्सुओ. हा एक मासा. तो उकडून, धुरावर धरून, वाळवून, पुढे बुरशी चढवून इतका कडक करतात की लाकडाचा ठोकळाच वाटावा. मग रंध्यासारख्या पात्यावर तो किसायचा. सुताराने रंधा मारल्यावर जे पातळ कुरळे पापुद्रे निघतात ना, तसेच दिसतात ते. त्याला म्हणतात कात्सुओबुशी. ते गरम पाण्यात घालून गाळलं की झाली दाशी. आणि दाशी कशात नसते? मिसो सूपमध्ये असते, भाजी शिजवायच्या पाण्यात असते, सोया सॉसमध्ये मिसळलेली असते, लोणच्यातसुद्धा असू शकते.

आजोबांनी आम्हाला फसवलं नव्हतं, हे रात्री आडवी झाल्यावर माझ्या लक्षात आलं. आपल्याला कुणी विचारलं, आज भाजी काय केली, तर आपण "मेथी" म्हणतो. "हिंग-मोहरीची फोडणी देऊन मेथी" असं कुणी सांगतं का? फोडणी धरलेलीच असते. दाशी ही त्यांची फोडणी. वाडग्यात माशाचा तुकडा नव्हता, म्हणजे त्यांच्या हिशेबाने मासा नव्हता. चूक माझ्या प्रश्नात होती. वाडग्यात काय आहे हे विचारून भागत नाही, पाण्यात काय आहे ते विचारायला हवं.

दुसरा दिवस केळी, नुसत्या मिठाच्या भाताचे मुटके आणि आईने पिशवीत कोंबलेल्या दशम्या यांच्यावर गेला. दुपारी एका मॉलच्या खाण्याच्या मजल्यावर बसून आईने मेतकुटाची डबी उघडली. लगेच एक मुलगी आली, वाकली, आणि छातीपुढे दोन्ही हातांची फुली करून उभी राहिली. बाहेरचं इथे खायचं नाही. इतक्या नम्रपणे मला आजवर कुणी हाकललेलं नाही. डबी परत पिशवीत गेली. बाहेर बाकावर बसून आई म्हणाली, "कार्तिकीपर्यंत मी फळांवर राहीन. तू खा काय खायचं ते." हे वाक्य आईने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज ज्यांना आई आहे त्यांना ठाऊक असेल.

मग मी पुण्याला फोन लावला. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही, माझ्या मैत्रिणीची मुलगी त्यातलीच. तिने चार ओळी लिहून पाठवल्या आणि बजावलं की व्हेज हा शब्द वापरूच नकोस. चालत नाही त्याची यादी दे: कात्सुओ नाही, निबोशी म्हणजे सुकवलेले छोटे मासे नाहीत, मांस-अंडं नाही, कांदा-लसूण-पात नाही. चालतं तेही सांग: कोम्बु या समुद्री शेवाळाची दाशी, शिइताके मशरूमची दाशी. शेवटची ओळ तिने स्वतःहून घातली होती. 'जमत नसेल तर कृपया तसं सांगा, आम्हाला वाईट वाटणार नाही.' सगळ्यात जास्त काम त्या ओळीने केलं. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जड जातं. आपणच वाट मोकळी करून दिली की खरं उत्तर मिळतं. त्यानंतर तीन ठिकाणी आम्हाला छान वाकून नकार मिळाला आणि आमचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी कोयासान. हे आरक्षण मात्र मी तीन महिने आधी करून ठेवलं होतं, आणि सहलीतलं तेवढंच काम मी शहाण्यासारखं केलं. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने साधारण दीड तासात गोकुराकुबाशीला पोचतो. या नावाचा अर्थच स्वर्गाचा पूल. तिथून पाच मिनिटांची केबल कार सरळ डोंगरावर चढते, आणि पुढे बस. त्या बसच्या रस्त्यावर पायी जायला बंदी आहे, तेव्हा "चालत जाऊ की" असं म्हणणाऱ्यांनी तो बेत सोडून द्यावा. वर सुमारे ८०० मीटर उंचीवर शंभराहून जास्त देवळांचं गाव आहे. त्यातल्या पन्नासेक देवळांत यात्रेकरूंना राहता येतं. याला शुकुबो म्हणतात. माणशी १५,००० येनच्या आसपास पडले. त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. पाच वाजेपर्यंत पोचा, जेवण साडेपाचला, असं आधीच कळवलं होतं. साडेपाचला! आई खूश झाली. सूर्यास्ताच्या आसपास जेवणारं कुणीतरी तिला भेटलं होतं.

इथलं जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी, भिक्षूंचा स्वयंपाक. मांस, मासे, अंडी नाहीत. आणि कांदा, लसूण, पात अशा उग्र वासाच्या पाच भाज्याही नाहीत. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे यांचा बारमाही चातुर्मास." दाशी कोम्बु आणि शिइताकेची. पहिल्यांदाच कुणाला काही विचारावं लागलं नाही.

एक तरुण भिक्षू लाखेच्या लाल, पायवाल्या ताटल्या घेऊन आला आणि समोर मांडत गेला. तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, मांडी घालून बसायचं. आईच्या गुडघ्यांचं मी आधी कळवलं होतं म्हणून तिला बुटकी खुर्ची मिळाली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे आरक्षणाच्या वेळीच लिहा. एका वाटीत दुधाळ पांढरी चौकोनी वडी थरथरत होती.

"खरवस!" आई म्हणाली.

तो होता गोमादोफु. नाव टोफूचं, पण सोयाबीनचा अंशही नाही. पांढरे तीळ वाटून त्याचं दूध काढायचं, त्यात कुझु नावाच्या वेलाच्या मुळाचं सत्त्व घालायचं आणि गोळा होईपर्यंत हात न थांबवता ढवळत राहायचं. जवळच्या योशिनोचा कुझु नावाजलेला आहे. वर थोडा सोया सॉस आणि हिरवी वासाबी. वासाबी आईच्या नाकात गेली. डोळे पुसत ती म्हणाली, "मोहरी फेसलीये," आणि दुसरा घास घेतला. शेजारी कोयादोफु होता, म्हणजे गोठवून वाळवलेला आणि परत गोडसर दाशीत शिजवलेला टोफू. स्पंजसारखा दाबला की तोंडात रस सुटतो. कडाक्याच्या थंडीत बाहेर राहून गोठलेल्या टोफूतून याचा शोध लागला असं सांगतात. मला तो फारसा आवडला नाही. आईने माझाही संपवला.

मग तळणीची ताटली. लाल भोपळा, कमळकाकडी, शिसोचं पान आणि एक जांभळी फोड.

"वांगं," आई हळूच म्हणाली.

बारमाही चातुर्मासात वांगं निघालं. तिने ती फोड माझ्या ताटात सरकवली. भिक्षूने पाहिलं आणि तो धास्तावला. ॲलर्जी? मी मोडक्या इंग्रजीत आणि फोनवर सांगत राहिले: नाही, चार महिने, पावसाळ्यातले, देव झोपलेले असतात, तेव्हा काही गोष्टी सोडायच्या. तो विचारात पडला. मग एकदम म्हणाला, "आन्गो!" बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात फिरणं बंद करून एका जागी राहायचं, तो वर्षावास. त्याचं जपानी नाव आन्गो. बुद्धाच्या काळापासूनचा हा नेम एका वांग्याच्या फोडीवरून जुळला. सकाळच्या न्याहारीत आईच्या ताटात वांगं नव्हतं.

रात्री सामायिक न्हाणीघर. पाण्यात उतरण्याआधी छोट्या स्टुलावर बसून, बादली घेऊन अंग स्वच्छ धुवायचं. आईने तेवढंच केलं आणि कढत कुंडाला लांबूनच नमस्कार घातला. "पाटावर बसून आंघोळ झाली, आणखी काय हवं."

पहाटे साडेसहाला प्रार्थना. धूप, काळोख, मंद दिवे आणि घोगऱ्या सुरात मंत्र. मला काहीच कळत नव्हतं. आई मात्र मान पुढे करून ऐकत होती. ती चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवत होती. "ओन आबोक्या बेइरोशानो माकाबोदारा मानि हान्दोमा..." तिने माझं मनगट धरलं. "अमोघ वैरोचन म्हणतायत. महामुद्रा. मणि पद्म." आवाज चीनमार्गे झिजत आला होता, पण शब्द ओळखू येत होते. हा शिंगोन पंथ स्थापणारा कूकाई ८०४ साली चीनला गेला, तिथे चांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे त्याने संस्कृतचेही धडे घेतले, आणि ८१६ साली सम्राटाकडून हा डोंगर मिळवला. प्रार्थनेनंतर अग्निपूजा होती. तिचं नाव गोमा. होमाचं झालं गोमा. गंमत म्हणजे तिळालाही जपानीत गोमाच म्हणतात. शब्द वेगळे, उच्चार एक. होमात तीळ टाकणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो दिवसभर हसतो. आई हसली.

हा सगळा डोंगर १८७२पर्यंत बायकांना बंद होता. वेशीवर न्योनिन्दो नावाची जागा आहे. बायकांनी तिथवरच यायचं. आईने आत जाऊन हात जोडले आणि म्हणाली, "माझी पणजी आली असती तर इथूनच परत गेली असती."

साडेदहाच्या आत ओकुनोइनला पोचायचं होतं. प्रचंड सीडर वृक्षांखालून दोन किलोमीटरची वाट, आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या आणि स्मारकं. पाच टप्प्यांच्या दगडी स्मारकांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीत एकेक अक्षर: अ, व, र, ह, ख. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आकाश. "ख म्हणजे आकाश," आई म्हणाली, "खग, खगोल," आणि शेवाळलेल्या दगडावरचा ख तिने बोटाने गिरवला.

वाटेच्या शेवटी कूकाईची समाधी. ८३५ साली तो गेला असं इथे कुणी म्हणत नाही. तो ध्यानात बसला आहे. म्हणून रोज सकाळी सहा आणि साडेदहाला त्याला जेवण जातं. पिवळ्या वस्त्रांतले भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन निघतात, आधी जिझो या बोधिसत्त्वाच्या एका छोट्या मूर्तीपुढे थांबतात. हा आजिमी जिझो, चव बघणारा. मग पूल ओलांडून आत जातात. पुलापलीकडे फोटो नाहीत, खाणंपिणं नाही. मी आईकडे बघितलं. तिने पदर डोक्यावर घेतला होता. "आळंदी," एवढंच ती म्हणाली. ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी १२९६ची. तिथेही नैवेद्य रोज जातो.

क्योतोत आल्यावर मी तीन तासांचा एक स्वयंपाकाचा वर्ग घेतला. एका गृहिणीच्या घरी चार परदेशी पाहुणे. बाकी सगळं ठीकठाक, पण दाशी मात्र मनापासून शिकले. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम कोम्बु. तो धुवायचा नाही, वरची पांढरी भुकटी म्हणजेच चव. ओल्या फडक्याने नुसता टिपायचा. अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवायचा आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. १९०८ साली तोक्योत इकेदा किकुनाए यांनी या कोम्बुतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो म्हणून बाजारात आलं. आईने ऐकलं आणि कप खाली ठेवला. "गाडीवरच्या चायनीजमध्ये घालतात ते? ज्याच्यावरून मी तुला शाळेत असताना बोलायचे?" तेच. तिने कप परत उचलला. बोलली काही नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी पाऊस लागला. हॉटेलच्या गल्लीत एक उदोनचं दुकान होतं, सहा खुर्च्यांचं. मी फोनवरच्या त्या चार ओळी काढत होते तेवढ्यात आईच पुढे झाली. तीन दिवस घोकलेलं वाक्य तिने म्हटलं: "दाशि वा नान देस का?" दाशी कशाची आहे?

दुकानदार थबकला. "कात्सुओ," तो म्हणाला, आणि दिलगिरीने मान हलवली. आम्ही वळणार, तोच त्याने हात वर केला. नुसत्या पाण्यात उकडलेल्या शेवया त्याने वाडग्यात काढल्या, वर किसलेला मुळा आणि तीळ घातले, आणि मागच्या घरातून सोया सॉसची सीलबंद बाटली आणून तिच्यावरची यादी बोट ठेवून आम्हाला दाखवली. सोयाबीन, गहू, मीठ. बस.

आईने एक घास खाल्ला. मग पिशवीत हात घातला. मी "आई, नको" म्हणेपर्यंत मेतकुटाची डबी उघडली होती आणि वाफाळत्या शेवयांवर पिवळी भुकटी पडली होती. मला त्या मॉलमधल्या मुलीची फुली आठवली. दुकानदार काउंटरवरून पुढे वाकला. वास घेतला. डबीकडे बोट करून म्हणाला, "कोरे वा नान देस का?" हे काय आहे?

मी फोन काढला आणि सांगायला लागले. चणाडाळ, उडीदडाळ, तांदूळ. हळद. मोहरी, मेथी, सुंठ. तो एकेक शब्द वाचून मान डोलवत होता. हिंगापाशी येऊन मी अडकले.