हार्डडिस्क गेली नव्हती, सेल गेला होता

परवाची एक केस लिहितोय, कारण अशा गडबडीत लोकांचा डेटा हकनाक जातो. तालुक्याच्या गावातली पॅथॉलॉजी लॅब, सकाळी मी माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान उघडायच्या आत तिथल्या मॅडमचा फोन, दादा कॉम्प्युटर चालूच होत नाहीये, काल एक मुलगा बघून गेला, हार्डडिस्क गेली म्हणतो, नवीन टाकून विंडोज मारावी लागेल. बॅकअप विचारला तर नाही. पेशंटचे मागचे शुगर, थायरॉइडचे सगळे रिपोर्ट त्याच मशीनमध्ये. म्हटलं मॅडम, मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.

मशीन जुनं, एच६१ चिपसेटचा (इंटेलच्या जुन्या पिढीतला) मदरबोर्ड, विंडोज सेव्हन. चालू केलं की लोगो यायचा, निळी स्क्रीन क्षणभर चमकायची की परत रीस्टार्ट. मी आधी डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, गेलो तर ५०० जीबीची डिस्क नावासकट दिसत होती, आवाजही नॉर्मल, टकटक नाही. मग एफ एट दाबून ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद केलं म्हणजे निळी स्क्रीन थांबून राहते, कोड आला ७बी. म्हणजे विंडोज सुरू तर होतेय पण जिच्यावरून सुरू होतेय ती डिस्कच तिला पुढे सापडत नाहीये. आणि बायोसमधली तारीख बघितली तर थेट २०११ सालातली, म्हणजे बोर्डाचं घड्याळ आणि सेटिंग मध्ये कधीतरी उडालेल्या, तिथेच माझ्या डोक्यात लाइट पेटली.

मॅडमना विचारलं, कॉम्प्युटर बंद पडायच्या आदल्या रात्री लाइट गेलेली का? तर हो, वादळात गेली ती सकाळीच आली, यूपीएस पण रात्रीतून बसला, आणि मग चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर सीमॉस (बायोसच्या सेटिंग साठवायची जागा) असं काहीतरी आलं, म्हणून त्या मुलाला बोलावलं, त्याने डिफॉल्ट, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंग, लोड करून सेव्ह केलं.

आता गंमत अशी असते की तारीख आणि सेटिंग सांभाळणारा बोर्डावरचा छोटा सेल मेला तरी मेन स्विच चालू असेल तोवर एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या, ५ व्होल्ट स्टँडबायवर (कॉम्प्युटर बंद असतानाही बोर्डाला मिळणाऱ्या करंटवर) बायोसच्या सेटिंग टिकून राहतात. या लॅबमध्ये स्विच कधी बंदच व्हायचा नाही, त्यामुळे सेल कधी संपला कुणाला कळलंच नाही. रात्रभर लाइट नाही म्हटल्यावर सगळ्या सेटिंग उडाल्या. त्या मुलाने डिफॉल्ट मारलं यात काही वावगं नाही, ते तसंही झालंच असतं, पण पुढे डिस्क गेली म्हणून मोकळं होणं हे मला पटत नाही, समोरच्याचा सगळा रेकॉर्ड असतो त्यात. बोर्ड डिस्कशी दोन पद्धतींनी बोलू शकतो, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय; या बोर्डाचं डिफॉल्ट आहे आयडीई मोड, आणि विंडोज टाकलेली होती एएचसीआय मोडवर. विंडोज सेव्हन टाकताना ज्या मोडचा ड्रायव्हर लागला तोच सुरुवातीला लोड होतो, मोड बदलला की ७बी, डिस्क कितीही ठणठणीत असली तरी.

पॉवर केबल काढून सेल काढला, मीटरवर ३ व्होल्ट पाहिजेत तिथे दीडसुद्धा भरेना. नवीन सीआर २०३२ बसवला, प्लसची बाजू वर. मग बायोसमध्ये आधी तारीख आणि वेळ नीट केली, कारण विंडोज २०११ मध्ये उघडली असती तर रिपोर्टवर तीच तारीख छापली गेली असती आणि डॉक्टरांसमोर तसा कागद जाणं बरोबर नाही. सॅटा मोड (डिस्कच्या जोडणीची सेटिंग) परत एएचसीआय, बूटमध्ये हार्डडिस्क पहिली, एफ टेन दाबून सेव्हला यस. विंडोज सरळ डेस्कटॉपवर आली. मॅडमनी लगेच सॉफ्टवेअर उघडून एका डायबेटिसच्या आजोबांचे जुने रिपोर्ट काढून बघितले, सगळे होते. रक्तपेशी मोजायचं मशीन, सेल काउंटर, कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टला जोडलेलं आहे, त्याचंही एक सॅम्पल लावून बघितलं, आकडे स्क्रीनवर बरोबर आले.

बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो मॅडमच्या मोबाइलमध्ये काढून दिले, कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने एएचसीआय आणि सेल बदलल्याचा महिना लिहिला, डेटाबेसची कॉपी पेन ड्राइव्हवर घेऊनच तिथून उठलो. संध्याकाळी त्या मुलालाही फोन केला, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ७बीबद्दल बरंच खोदून विचारलं, त्याचं मला बरं वाटलं.