ओहोटीची बाजू

मराठीने ओहोटीवर अन्याय केला आहे, असं माझं बऱ्याच दिवसांचं मत आहे. आनंदाला भरती येते, उत्साहाला उधाण येतं, आणि ओहोटी मात्र लागते. क्रियापदच बघा. आग लागते, ठेच लागते, वाळवी लागते, तशी लोकप्रियतेला ओहोटी लागते. झोपही लागते आणि गोडीही लागते, हे कबूल. पण त्या गोड अर्थाने ओहोटी लागलेली मी तरी कधी ऐकली नाही. सैन्यात भरती होते, नोकरभरती निघते. ओहोटीची जाहिरात कुणी देत नाही.

मीही अनेक वर्षं भरतीच्याच पक्षात होतो. खाडी बघायची ती भरलेली, काठोकाठ, आभाळ पोटात घेतलेली. गेलो, काठावर उभा राहिलो, वा म्हटलं, परत आलो. या सगळ्याला दहा मिनिटं पुरायची. एवढ्या मोठ्या पाण्यात घडत काहीच नाही, अशी माझी एक गुप्त तक्रारही होती. निसर्गाबद्दल असं बोलायचं नसतं म्हणून बोलायचो नाही, इतकंच.

मग एका रविवारी चार वाजता गेलो, तर खाडी जागेवर नव्हती. मागच्या रविवारी, याच चार वाजता, तुडुंब होती. आता मधोमध एक चिंचोळी धार आणि दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर चिखल. वर तो वास. सडक्या अंड्यांचा म्हणतात तो.

हिशोब नंतर कळला. आपला दिवस सूर्याचा, चोवीस तासांचा. खाडीचा दिवस चंद्राचा. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला आणखी सुमारे ५० मिनिटं लागतात. म्हणून खाडीचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, आणि बहुतेक किनाऱ्यांवर तेवढ्यात दोन भरत्या, दोन ओहोट्या. रोज ५० मिनिटं मागे पडत सात दिवसांत जवळजवळ सहा तास होतात. म्हणजे ज्या रविवारी चारला भरती, त्याच्या पुढच्या रविवारी चारच्या सुमाराला ओहोटी. माझ्यासारख्या रविवारच्या माणसाला खाडी एक आठवडा भरलेली, एक आठवडा रिकामी दिसणार. इतकी वर्षं मी भरलेलेच रविवार कसे गाठले, हे कोडं नाही. रिकाम्या रविवारी मी लांबूनच गाडी वळवत असणार.

(हे चंद्राचं प्रकरण उमजायला मोठमोठ्यांना वेळ लागला. समुद्रावर चंद्राची सत्ता चालते असं केप्लर म्हणाला, तर गॅलिलिओने १६३२ साली ती कल्पना पोरकट ठरवली आणि पृथ्वीच्या हालचालीने पाणी हिंदकळतं असं सांगितलं. तो तिथे साफ चुकला. मला याचा फार आधार वाटतो.)

त्या दिवशीही मी वळणारच होतो. पण चपलेचा अंगठा तुटला म्हणून खाली बसलो, आणि पाचेक मिनिटं हललो नाही. तेवढ्यात चिखल हलायला लागला.

आधी वाटलं, डोळ्यांना काहीतरी झालं. मग दिसलं की चिखलाला भोकं आहेत, शेकड्यांनी, आणि प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एकेक खेकडा येऊन बसला आहे. मी आलो तेव्हा सगळे आत पळाले होते. ‘इथे काही घडत नाही’ हे माझं निरीक्षण बरोबरच होतं. मी उभा असेपर्यंत काही घडत नव्हतं. हे फिडलर खेकडे. नराची एक नांगी एवढीशी आणि दुसरी अवाढव्य. काही नरांत ती एकटीच अंगाच्या निम्म्या वजनाला जाऊन भिडते. खायला तिचा उपयोग शून्य. छोट्या नांगीने चिखल उचलायचा, तोंडात घालायचा, त्यातलं शेवाळ-बिवाळ चाळून घ्यायचं आणि उरलेल्याची गोळी करून बाहेर टाकायची. मादीच्या दोन्ही नांग्या छोट्या, त्यामुळे ती दोन्ही हातांनी जेवते. नर एका हाताने जेवतो आणि दुसऱ्याने तिला बोलावत बसतो. मोठी नांगी वर, खाली, वर, खाली. भांडणात ती तुटली तर नवी येते. काही जातींत ही नवी नांगी जुनीइतकीच लांब असते पण हलकी, लढाईत कुचकामी. लांबून मात्र फरक कळत नाही, आणि समोरच्यालाही बहुधा कळत नाही. पोकळ नांगी परजून आयुष्य काढणारे मी काठावरही पुष्कळ पाहिले आहेत, पण ते असो.

खेकड्यांपलीकडे चिखलावर बोटभर लांबीचं काहीतरी उडी मारत चाललं होतं. निवटी. मासा आहे, पण पाण्याबाहेर जास्त सुखी. डोळे डोक्याच्या अगदी वर, बेडकासारखे, आणि मधूनच एकेक डोळा खोबणीत ओढून ओला करून घेते. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून आणायचं, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवा घ्यायची आणि पुढच्या परांच्या कुबड्या करून फिरायचं. काही जाती अंडी बिळातल्या हवेच्या कप्प्यात ठेवतात. चिखलाच्या आत हवा कुठली? मासा ती तोंडात भरून नेतो. घोट घोट. कुठेही जाताना पाण्याची बाटली घेणारे आपण, आणि हा घरात हवा भरणारा मासा! एवढं समजल्यावर मी तुटक्या चपलेचं दुःख विसरलो.

विसरलो आणि एक पाऊल पुढे टाकलं. ते पोटरीपर्यंत गेलं. पाय आला, चपल राहिली. तिथल्या चिखलाविषयी माझं जे काही ज्ञान आहे त्याची फी म्हणून मी ती मानतो. वरचा चिखल तपकिरी, पण पाय काढल्यावर खळग्यात दिसतो तो काळा. वरच्या पातळ थराखाली हवा पोचत नाही. तिथे प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातून तो वास सुटतो. आणि एवढा चिखल येतो कुठून? नदी बारीक मातीचे कण घेऊन येते. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, तरंगत राहतात. खारं पाणी मिळालं की ही तेढ संपते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात. मिठाने माणसं जोडतात म्हणे. माती जोडली जाते हे नक्की.

पक्षी मला फार उशिरा दिसले, कारण ते चिखलाच्याच रंगाचे असतात. त्यांतल्या एका जातकुळीला मराठीने सरळ ‘चिखल्या’ म्हटलं आहे. ओहोटीवर अन्याय करणाऱ्या भाषेने इथे मात्र न्याय केला. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो धावतो, थांबतो, बघतो, टिपतो, पुन्हा धावतो. तुतवारांची चोच लांब. ते बघत बसत नाहीत, शिवणयंत्राच्या सुईसारखे चिखल टोचत जातात. त्यांतल्या बऱ्याच जणांना चोच न उघडता नुसतं टोक उघडता येतं, आतल्या आत किडा चिमटीत धरायला. आणि कर्ल्यूची ती खाली वाकलेली लांबलचक चोच खेकड्याच्या बिळात बिळाच्या वळणाने शिरते. एकाच चिखलात कुणी वरचं खातो, कुणी मधलं, कुणी तळातलं, म्हणून एवढी गर्दी असूनही मारामारी बेताची.

भरतीला हे सगळे कुठे असतात, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. असतात, जवळच असतात, एखाद्या उंचवट्यावर दाटीवाटीने, एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून. पाणी उतरायची वाट बघत. आपण ज्याला खाडीचं वैभव म्हणतो तो त्यांचा दुकान बंद असण्याचा वेळ. २०२२ साली शेपटीवर पट्टे असलेला एक गॉडविट पक्षी, जेमतेम पाच महिन्यांचं पोर, अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता अकरा दिवसांनी टास्मानियात पोचला. १३,५६० किलोमीटर. अशा प्रवासाआधी हे पक्षी अंगावर चरबी चढवतात आणि ओझं नको म्हणून पोटातलं आतडं-बितडं आखडून घेतात. असा पक्षी खाली उतरतो तेव्हा त्याला आरसपानी पाणी नको असतं. त्याला चिखल हवा असतो, आणि तो उघडा.

झाडंही त्याच पक्षातली. खारफुटीत तिवराखाली जमिनीतून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आलेली असतात. खाली चिखलात हवा नाही, तेव्हा मुळांनीच डोकं वर काढलं. त्यांच्या अंगावरच्या छिद्रांतून हवा आत जाते ती पाणी उतरल्यावर. भरतीला ते झाड एक प्रकारे दम धरून उभं असतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि हिरव्या भाल्यासारखं लोंबत राहतं. सुटून पडलं तेव्हा ओहोटी असेल तर तिथेच चिखलात रुतून उभं राहतं, भरती असेल तर वाहत दूर देशी जातं. घरी राहायचं की परदेशी जायचं, एवढा मोठा प्रश्न पडण्याच्या वेळेवर सोडलेला.

भरतीचा मी द्वेष करतो असं नाही. वाढते तीच. मासळीची पिल्लं, तरंगतं अन्न, नवं पाणी सगळं ती आत आणते. ओहोटीला फक्त पंगत बसते. पण माणूससुद्धा नीट विचार करतो तेव्हा ओहोटीकडेच येतो. भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या पाणचक्क्या युरोपात होत्या. भरतीचं पाणी तळ्यात कोंडून ठेवायचं, बाहेरचं उतरलं की सोडायचं आणि दळायचं. फ्रान्समधल्या राँस नदीच्या मुखावर १९६६ साली सुरू झालेलं २४० मेगावॉटचं वीजकेंद्रही बरीचशी वीज पाणी बाहेर जातानाच करतं.

आणि नीट विचार करत नाही तेव्हा? दक्षिण कोरियात सेमांगुम नावाची चिखलाची प्रचंड मैदानं होती. २००६ साली ३३ किलोमीटरची भिंत घालून ती समुद्रापासून तोडली. त्या चिखलावर लाखो पक्षी वाटेतला मुक्काम करत. पुढच्या काही वर्षांत तिथे उतरणाऱ्या ग्रेट नॉट या तुतवाराची संख्या कोसळली. ती जमीन रिकामी आहे असंच वाटलं असणार कुणाला तरी. मी गाडी वळवायचो, त्यांनी भिंत बांधली.

आता मी वेळापत्रक बघून जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास गेलं तर उत्तम, उधाणाच्या दिवसांत पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. एरवी न दिसणारा तळ दिसतो. अष्टमीच्या सुमाराला भांग. केसांतला नव्हे, प्यायचाही नव्हे. भांगाची भरती म्हणजे पाण्याची चढउतार कमी, खाडी अर्धवट मनाने येते आणि अर्धवट मनाने जाते. त्या दिवसांत खेकडे लांबच्या भोकांवर बसतात आणि मला दुर्बीण लागते. खेकड्यांना वेळापत्रक लागत नाही. प्रयोगशाळेत, ना पाणी ना चंद्र, अशा एकसारख्या उजेडात ठेवले तरी त्यांची लगबग काही दिवस भरती-ओहोटीच्या तालावरच चालते. रोज ५० मिनिटं उशिराने.

काल गेलो होतो तेव्हा सुकती, म्हणजे पुरती ओहोटी, चार दहाची होती. काठावर माझ्यासारखंच एक कुटुंब आलं. लहान मुलगी म्हणाली, “बाबा, पाणी संपलं.” बाबा म्हणाले, “हो गं, चल, नंतर येऊ.” मी तोंड उघडलं आणि मिटलं. अनोळखी माणसाने चिखलाची बाजू घेऊन बोलायला लागावं, हे कुठल्याच काठावर बरं दिसत नाही. पण मुलगी हलेना. ती उकिडवी बसली. बाबा फोनमध्ये बघत उभे राहिले आणि तिघंचौघं नकळत स्थिर झालो.

पाच मिनिटांनी ती ओरडली, आणि तिच्या ओरडण्याने सगळे खेकडे आत पळाले.

मग साधारण तासाभराने मधली धार थांबल्यासारखी झाली आणि उलटी वाहायला लागली. आधी फेसाची रेघ, मग खळग्यांमधून जिभा. खेकड्यांनी चिखलाची झाकणं ओढून घेतली, आत थोडी हवा धरून. कर्ल्यू ओरडत उठला, त्याच्यामागे तुतवारांचा एक थवा, सगळे एकदम पांढरे, एकदम करडे. ते कुटुंब तोवर कधीच गेलं होतं. जाताना मुलीने मला विचारलं होतं, “उद्या पण असतील?”

“असतील,” मी म्हणालो होतो. “उद्या पाचला.”