हळदीच्या यंत्रावर माल ओळखणारा ऑप्टिकल सेन्सर निवडताना

सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा यांच्यावर प्रक्रिया करणारी जी यंत्रे कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत चालतात, त्यांतल्या बहुतेकांना एकाच प्रश्नाचे उत्तर सतत हवे असते: इथे आत्ता माल आहे की नाही? पल्व्हरायझरकडे, म्हणजे दळण्याच्या यंत्राकडे, जाणाऱ्या बेल्टवर हळकुंडे येत आहेत का, चूट (माल घसरत जाणारी नळी) तुंबली आहे का, हॉपर (माल साठवणारा नरसाळ्यासारखा डबा) काठोकाठ भरला आहे का, हे कळले तरच पुढची मोटर कधी चालवायची आणि कधी थांबवायची ते ठरते. या कामासाठी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारा, सेन्सर निवडताना बहुतेक जण कॅटलॉग उघडून आधी अंतर पाहतात. माझ्या मते अंतर हा नंतरचा प्रश्न आहे. सेन्सर मळला, बिघडला किंवा त्याची वायर तुटली, तर तो कोणते खोटे सांगेल आणि ते खोटे मालकाला कितीला पडेल, हे आधी ठरवले पाहिजे.

मूळ प्रकार तीनच आहेत. थ्रू-बीममध्ये एका बाजूला प्रकाश सोडणारा एमिटर आणि समोर रिसीव्हर असतो आणि मध्ये माल आला की किरण तुटतो. रेट्रोमध्ये दोन्ही एकाच डबीत असतात आणि समोर रिफ्लेक्टर लावावा लागतो. डिफ्यूजमध्ये समोर काहीच लावायचे नसते, कारण मालावरूनच परत आलेला प्रकाश सेन्सर पकडतो. ओमरॉनच्या ई३झेड या सर्वत्र मिळणाऱ्या मालिकेत पहिल्याची पल्ला-मर्यादा १५ मीटर, दुसऱ्याची ४ मीटर आणि तिसऱ्याची १ मीटर दिलेली आहे. एकाच मालिकेत एवढा फरक पडतो, कारण प्रकाशाचा प्रवास आणि त्यातली गळती प्रत्येक प्रकारात वेगळी असते. शिवाय डिफ्यूजचा १ मीटर हा आकडा पांढऱ्या कागदावर मोजलेला असतो. काळपट बेदाण्यावर किंवा काळ्या रबरी बेल्टवर तो आकडा किती खाली येतो, हे प्रत्यक्ष लावून पाहिल्याखेरीज समजत नाही.

आता खोट्याकडे वळू. हॉपर भरल्याची खूण म्हणून वरच्या पातळीवर थ्रू-बीम लावला आहे असे समजा. लेन्सवर हळदीची भुकटी साचत गेली की एक दिवस किरण पोहोचेनासा होतो आणि सेन्सर ‘हॉपर भरला’ असे सांगू लागतो. फीड थांबते, कामगार ओरडतो, कोणीतरी लेन्स पुसतो आणि काम पुन्हा सुरू होते. नुकसान झाले ते थोड्या वेळाचे. हाच थ्रू-बीम खालच्या पातळीवर, हॉपर रिकामा झाल्याची खूण म्हणून लावला, तर मळलेली लेन्स ‘माल आहे, माल आहे’ एवढेच म्हणत राहते, यंत्र रिकामे फिरते आणि पॅकिंगमधून कमी वजनाच्या पुड्या बाहेर पडतात. सेन्सर तोच आणि घाणही तीच आहे, पण पहिल्या जागी ती निरुपद्रवी आहे आणि दुसऱ्या जागी थेट ग्राहकाच्या तक्रारीपर्यंत नेणारी आहे. म्हणून एकाच यंत्रावर सगळीकडे एकच मॉडेल लावण्याचा आग्रह मला पटत नाही. स्टोअरमध्ये एकच स्पेअर ठेवण्याची सोय त्यातून होते हे खरे, पण ती सोय महाग पडू शकते.

वायर तुटण्याचाही विचार याच अंगाने करावा. वरच्या पातळीच्या थ्रू-बीमला लाइट-ऑन ठेवले, म्हणजे किरण पोहोचत असताना आउटपुट चालू राहिले, तर वायर तुटल्यावर किंवा सेन्सरचा पुरवठा गेल्यावर पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाला, ‘भरला’ असाच संकेत मिळतो आणि फीड थांबते. डार्क-ऑन, म्हणजे किरण तुटल्यावर आउटपुट चालू होईल असे, ठेवले तर वायर तुटल्याचे कोणालाच कळत नाही आणि हॉपर ओसंडून वाहू लागतो. सेन्सरवरच्या एका छोट्या स्विचचा हा प्रश्न आहे, पण यंत्र चालू करून देताना त्याकडे फार थोडे लोक पाहतात.

धुळीच्या जागी किती ताकदीचा सेन्सर घ्यायचा हे ठरवायला एक साधे माप आहे. आउटपुट बदलण्यासाठी जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या किती पट प्रकाश प्रत्यक्ष रिसीव्हरवर पडतो ते पाहायचे. स्वच्छ खोलीत दीडपट पुरतो, थोड्या धुळीत पाचपट, बऱ्यापैकी धुळीत दहापट आणि दळणाच्या जागेसारख्या ठिकाणी पन्नासपट हाताशी असावा, असा ढोबळ नियम वापरला जातो. थ्रू-बीममध्ये अंतर दहाव्या हिश्शावर आणले की प्रकाश साधारण शंभरपट होतो. म्हणून १५ मीटरचा सेन्सर दीड मीटरवर लावणे हा अपव्यय नसून धुळीविरुद्धची राखीव शिल्लक असते. रेट्रोमध्ये किरण त्याच धुळीतून दोनदा जातो, शिवाय रिफ्लेक्टरवरही थर बसतो. त्यामुळे हळदीच्या दळणाजवळ रेट्रो लावण्याचा सल्ला मी देत नाही.

या राखीव ताकदीची दुसरी बाजू मात्र विसरून चालत नाही. शंभरपट प्रकाश पडत असेल, तर किरण तुटला असे सेन्सरने म्हणण्यासाठी त्यातला जवळजवळ नव्व्याण्णव टक्के प्रकाश अडला पाहिजे. बोटाएवढे हळकुंड लेन्स पूर्ण झाकते, म्हणून तिथे अडचण येत नाही. एकटा बेदाणा मात्र लेन्सचा काही भागच झाकतो आणि सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. बेदाण्यासाठी दोन्ही लेन्सवर अरुंद स्लिट (चिरेची झापड) बसवावी लागते किंवा सेन्सिटिव्हिटी उतरवावी लागते. दोन्ही उपायांत धुळीविरुद्धची शिल्लक कमी होते. बेदाण्याच्या यंत्रावर हळदीइतकी भुकटी उडत नसल्याने तिथे हा सौदा परवडतो.

आता रंगाकडे येऊ, कारण हळदीच्या बाबतीत सर्वाधिक फसवणूक रंगच करतो. सेन्सरचा लाल प्रकाश हळदीवर पडला की तो जवळजवळ पांढऱ्या कागदावरून यावा तसा परत येतो. डोळ्यांना पांढऱ्या बेल्टवर पिवळे हळकुंड स्पष्ट दिसते, पण लाल एलईडीच्या डिफ्यूज सेन्सरला दोन्ही सारखेच उजळ दिसतात. इन्फ्रारेडमध्येही फरक फारसा उरत नाही. निळा प्रकाश वापरला तर चित्र बदलते, कारण हळदीतले कर्क्युमिन निळा प्रकाश शोषून घेते आणि हळकुंड गडद दिसू लागते. पुड्यांच्या फिल्मवरची पिवळी आयमार्क (पुडी कुठे कापायची ते सांगणारी छापील खूण) ओळखताना हा गुण खरोखर उपयोगी पडतो. पांढऱ्या फिल्मवर ती निळ्या प्रकाशातच नीट उठून दिसते. बेल्टच्या बाबतीत मात्र या युक्तीचे आयुष्य थोडे असते. पांढरा बेल्ट हळदीच्या कामाला लागला की थोड्याच दिवसांत स्वतःच पिवळा होतो आणि मग निळा प्रकाशही माल आणि बेल्ट यांत भेद करू शकत नाही. नव्या यंत्राच्या ट्रायलला जो सेन्सर उत्तम चालतो, तोच हंगामाच्या मध्यावर दगा देतो, याचे एक कारण हे आहे.

रंगाऐवजी उंचीवर भर देणारा बॅकग्राउंड सप्रेशनचा प्रकार म्हणूनच लोकप्रिय झाला आहे. तो परत आलेल्या प्रकाशाचे प्रमाण न पाहता त्याचा कोन पाहतो आणि त्यावरून वस्तू ठरलेल्या अंतराच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच ठरवतो. हळकुंडांच्या थरासाठी तो चांगला आहे. बेदाण्याच्या एकेरी थरासाठी मी त्यावर विसंबत नाही, कारण चालता बेल्टच काही मिलिमीटर वरखाली होत असतो आणि बेदाण्याची जाडीही तेवढीच असते.

अशा वेळी सेन्सर बदलण्यापेक्षा जागा बदलणे अधिक शहाणपणाचे ठरते. बेल्टच्या टोकाला माल खाली पडतो तिथे मागे बेल्ट नसतो, त्यामुळे उंची-रंगाचा वादच संपतो. पडणाऱ्या मालाच्या धारेला आडवा थ्रू-बीम लावला की किरण सतत तुटत राहतो आणि जुळत राहतो. हा लुकलुकणारा संकेत पीएलसीत थेट वापरायचा नसतो. त्याला ऑफ-डिलेचा टायमर द्यावा, म्हणजे दोन-तीन सेकंद किरण एकदाही तुटला नाही, तरच ‘बेल्ट रिकामा’ असे ठरेल. मोजणीचे काम असेल तर मात्र वेगाचे गणित करावे लागते. अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने जाणाऱ्या दोन वस्तूंमध्ये ५ मिलिमीटरची फट असेल, तर ती फट सेन्सरसमोर फक्त १० मिलिसेकंद राहते. सेन्सर १ मिलिसेकंदात उत्तर देत असला तरी पीएलसीच्या इनपुटचा फिल्टरच १० मिलिसेकंदांवर ठेवलेला असेल, तर दोन वस्तू एकच मोजल्या जातात आणि दोष विनाकारण सेन्सरवर येतो.

लेन्स स्वच्छ ठेवण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा फुंकण्याची पद्धत चांगली आहे, पण ती हवा एफआरएल युनिटमधल्या (हवा गाळून, दाब ठरवून तिच्यात तेल सोडणाऱ्या जोडणीतल्या) लुब्रिकेटरच्या, म्हणजे तेल सोडणाऱ्या भागाच्या, आधीच्या भागातून घ्यावी. तेलाचे तुषार लेन्सवर बसले की भुकटी तिथे कायमची चिकटते आणि आधी जी हळद फडक्याने निघत होती, ती घासून काढावी लागते. शेडच्या छपरातल्या पारदर्शक पत्र्यांतून येणारे ऊनही लक्षात घ्यावे. सेन्सरचा प्रकाश स्पंदनांचा असल्यामुळे साध्या उजेडाने तो सहसा गोंधळत नाही, पण दुपारी कलते ऊन थेट रिसीव्हरमध्ये घुसले की आंधळेपण येते. एमिटर आणि रिसीव्हर यांची अदलाबदल करून रिसीव्हरची पाठ पश्चिमेकडे वळवली की बहुतेक वेळा काम भागते.

दळलेल्या हळदीच्या बंद हॉपरच्या आत मात्र मी ऑप्टिकल सेन्सर सुचवत नाही. तिथे भुकटी हवेत तरंगत असते, लेन्स स्वच्छ राहणे अशक्य असते आणि सेंद्रिय भुकटीचा ढग ज्वालाग्राही असल्याने धुळीच्या क्षेत्रासाठी प्रमाणित केलेलेच उपकरण आत लावायला हवे. फिरत्या पात्याचा लेव्हल स्विच किंवा ट्यूनिंग फोर्कच्या धर्तीचा कंपनावर चालणारा स्विच तिथे अधिक भरवशाचा ठरतो, अर्थात प्रमाणपत्राची अट त्यालाही लागू आहेच. विद्युत धारकतेतला बदल ओळखणारा कपॅसिटिव्ह सेन्सरही चालतो, फक्त पृष्ठभागावर चिकटलेल्या पातळ थराला माल समजू नये इतकी त्याची सेन्सिटिव्हिटी उतरवून घ्यावी. ‘साहेब, लाइटवालाच बसवा, दिवा लागलेला दिसतो’ असा आग्रह मालक लोक धरतात. पण आउटपुटचा दिवा बहुतेक कपॅसिटिव्ह सेन्सरवरही असतो.

खरेदीपूर्वी राहते ते आउटपुट. जुन्या यंत्राचे पॅनेल एनपीएनवर (आउटपुट उणे बाजूला जोडणाऱ्या सेन्सरवर) बांधलेले असेल आणि दुकानातून पीएनपी (आउटपुट अधिक बाजूला जोडणारा) सेन्सर आला, तर तपकिरी, निळी आणि काळी या तिन्ही वायरी बरोबर जोडूनही पीएलसीला काहीच दिसणार नाही. जुन्या सेन्सरच्या लेबलचा फोटो काढून दुकानदाराला दाखवणे सर्वांत सोपे. नवा सेन्सर आल्यावर त्याची चाचणी निवडलेल्या, चकचकीत पॉलिश केलेल्या हळकुंडांवर करू नये. ढिगातली सर्वांत बारीक, मातकट हळकुंडे घ्यावीत, लेन्सवर मुद्दाम हळद चोळावी आणि त्या अवस्थेत सेन्सर कोणत्या बाजूने खोटे बोलतो ते पाहूनच त्याची जागा पक्की करावी.